सव्वा महिन्याची रीत

टेम्पो दारात लागला तेव्हा अणदूरच्या बिराजदारांच्या घरी सकाळचा चहासुद्धा झाला नव्हता. एप्रिल संपत आला होता, शाळेला सुट्टी लागली होती, आणि ऊन चढायच्या आत सगळं सामान नळदुर्गला पोचवायचं असं पंचाक्षरीनं ठरवलं होतं. अणदूरहून नळदुर्ग ते केवढं लांब! जीपनं पाव तासाचा रस्ता. पण तीन पिढ्या माळवदाच्या घरात काढलेलं कुटुंब पहिल्यांदाच स्लॅबच्या घरात राहायला निघालं होतं, म्हणून निम्मी गल्ली दारात जमली होती. कपाट निघालं, पलंग निघाला, ज्वारीची पोती निघाली.

पंचाक्षरीचं नळदुर्गला हायवेवर टायरचं दुकान. त्याची बायको अश्लेषा तिथल्याच एका खासगी शाळेत शिक्षिका, आणि अकरा वर्षांची मुलगी नीलांबिका, म्हणजे घरातली नीला, त्याच शाळेत शिकत होती. तिघांचाही दिवस नळदुर्गात जात होता, तेव्हा घरही तिथंच बांधलं यात नवल नव्हतं. चौथी इरम्मा. ती पंचाक्षरीच्या थोरल्या भावाची, शिवलिंगची बायको. आठ वर्षांपूर्वी शिवलिंग हायवेवर अपघातात गेला. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून चूल आणि नीला, एवढंच तिचं जग होतं.

इरम्मानं आपली पत्र्याची पेटी स्वतःच उचलून टेम्पोत ठेवली. आत चार साड्या, नवऱ्याचा एक फोटो आणि विभूतीचा डबा. पदरानं हात पुसत ती मागं वळली, तेवढ्यात सिद्धम्माआत्याचा आवाज आला. सिद्धम्मा ही पंचाक्षरीची आत्या, गावातच दिलेली. नवरा हयात, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. घरात सासू उरली नव्हती, त्यामुळे रीतभात सांगायचं काम तिनं न सांगता आपल्याकडं घेतलं होतं.

"इरम्मा, पेटी खाली घे गं माय. तुला अजून सव्वा महिना जाता यायचं न्हाय."

"का वो आत्या?"

"नवी वास्तू हाय. सव्वा महिना बिननवऱ्याच्या बाईनं उंबरा वलांडू न्हाय. तवर इथं देवाजवळ दिवा लाव. मग ये की, कोण नको म्हणतंय?"

इरम्मानं दिराकडं पाहिलं. पंचाक्षरी दोरी आवळत होता. "सव्वा महिन्याचाच प्रश्न हाय वहिनी," तो दोरीकडं बघत म्हणाला. "उगं कशाला कुणाचं मन दुखवायचं?" वहिनींचं मन या 'कुणाच्या'त येतं की नाही, हा विचार त्याला शिवला नाही. मग इरम्मानं धाकट्या जावेकडं पाहिलं. अश्लेषा डब्यांच्या पिशवीला गाठ मारत होती, आणि त्या क्षणी तिला त्या गाठीइतकं महत्त्वाचं जगात काहीच नव्हतं.

इरम्मा वाद घालणारी नव्हती. हळदीकुंकवाचा फराळ ती करायची आणि बायका यायला लागल्या की आतल्या खोलीत जाऊन बसायची. लग्नात पंगतीला वाढायची आणि अक्षता पडताना मागं सरकायची. आठ वर्षांत तिला याची इतकी सवय झाली होती की कुणी सांगायच्या आधीच तिचे पाय मागं जात. तिनं पेटी उतरवून घेतली. एवढंच म्हणाली, "कंपौंडच्या भिताडाला अजून पंधरा दिस पानी मारावं लागतंय. दोन टायमाला. न्हायतर तडे जातील."

"मोठ्याई का न्हाई येत?" नीलानं विचारलं. टेम्पो निघाला तेव्हा ती मागच्या फळीला धरून उभी होती आणि वळणावरून दिसेनासं होईपर्यंत मागं बघत राहिली.

आता ही रीत आली कुठून, ते सांगायला हवं. ती कुठून आलीच नव्हती. ती अश्लेषानं केली होती.

अश्लेषा वाईट बाई नव्हती. शाळेत मुलींकडून हुंड्याविरुद्ध निबंध लिहून घ्यायची, बालिका दिनाचं भाषण दरवर्षी तीच करायची आणि चांगलं करायची. पण तिच्या मनात एक जुनी जखम होती. नीला तीन महिन्यांची असताना ती पुन्हा शाळेत जायला लागली आणि पोर इरम्माच्या कडेवर वाढली. आठव्या महिन्यात नीला पहिल्यांदा "आई" म्हणाली, ती इरम्माच्या तोंडाकडं बघून. सगळे हसले. अश्लेषाही हसली. ते हसणं तिला अजून दुखत होतं.

पुढं मग रोजच काही ना काही घडायचं. पंचाक्षरी दुकानातून आला की डब्यातली कडक भाकरी कुणी कुणी खाल्ली आणि वहिनींच्या हाताचं कसं कौतुक झालं, ते सांगत बसायचा. शाळेतल्या शिक्षिका म्हणायच्या, "अश्लेषा, तुमच्या जाऊबाईंची शेंगाचटणी आणा की." ताप आला की नीला मोठ्याईजवळ झोपायची, आणि ताप उतरल्यावरही तिथंच झोपायची. अश्लेषा रात्री मुलीच्या अंगावर पांघरूण घालायला जायची, तर ते आधीच घातलेलं असायचं. एक तरी गोष्ट हिच्या हातून राहावी, असं तिला फार वाटायचं.

म्हणून नवं घर. हे घर तरी माझं असेल, हा ओटा माझा असेल, असं ती पाया खोदल्यापासून स्वतःला सांगत होती. पण दिवसभर ती शाळेत. भिंतींना पाणी मारायला रोज दोनदा जीपमधून कोण जायचं? इरम्मा. सात महिने, उन्हातान्हात, नळीचं तोंड अंगठ्यानं दाबून तिनं त्या घराची वीट न् वीट भिजवली. आणि आयुब मिस्त्रीनं स्वयंपाकाचा ओटा बांधायला घेतला तेव्हा उंचीला माप कुणाचं घेतलं? जी बाई समोर उभी होती तिचं. इरम्मा उंच, अश्लेषा ठेंगणी. अश्लेषा पहिल्यांदा ओट्याशी उभी राहिली, तर तो तिच्या बरगडीला लागला.

"पायाखाली पाट घ्या मॅडम," आयुब मिस्त्री सहज म्हणाले. "भाभींच्या कोपराला बघा कसा बराब्बर बसतोय."

अश्लेषाला त्या क्षणी जावेचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, घर झालं म्हणून बाईचं मन भरून आलं.

चार दिवसांनी ती सिद्धम्माआत्याकडं जाऊन बसली. चहा घेता घेता म्हणाली, "आत्या, आमच्या शाळेतल्या एक बाई सांगत होत्या. नव्या वास्तूत सव्वा महिना विधवेनं पाय ठेवायचा नसतो म्हणं. आपल्यात हाय का असं काही?"

शाळेतल्या कुठल्याही बाईनं असं काही सांगितलं नव्हतं.

सिद्धम्माआत्यानं बशी खाली ठेवली. 'मला माहीत नाही' असं म्हणणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं. "हाय की! आमच्या आजीच्या टायमाला लई कडक पाळायचे."

सकाळी जन्मलेली रीत दुपारपर्यंत आजीच्या काळात जाऊन पोचली. संध्याकाळी तिला पुरावाही मिळाला. कुणाच्या तरी घरात म्हणे ती मोडली आणि आठ दिवसांत दावणीची म्हैस दगावली. कुणाचं घर, कुठली म्हैस, कुणी विचारलं नाही. वीस रुपयांचा नारळ आपण कानाशी हलवून घेतो. पण एखाद्या बाईला दाराबाहेर ठेवणारी रीत असली, की ती खरी की खोटी हे बघायचंही आपल्याला सुचत नाही.

नव्या घरात अश्लेषानं स्वतःच्या हातानं दूध उतू घातलं. समोरच्या भिंतीवर बसवण्णांचा फोटो लावला. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: रवा, शेंगदाणे, गूळ. पडदे तिनं निवडले, देव्हाऱ्याची जागा तिनं ठरवली. स्वयंपाकघराला लागून एक छोटी खोली होती. पंचाक्षरीनं ती वहिनींसाठी काढली होती. अश्लेषानं तिथं ज्वारीची पोती रचली. घरभरणीच्या जेवणाचा मुहूर्त वीस दिवसांनी निघाला होता, तोवर सगळं जागच्या जागी लागायला हवं होतं. पहिले दोन दिवस ती गुणगुणत होती.

तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की पंचाक्षरी जेवताना काही बोलत नाही. नावं ठेवत नव्हता. भाकरी खायचा, ताट उचलायचा, दुकानात जायचा. त्यानं भाजी खारट झाली म्हणून ओरडावं, असं तिला वाटायला लागलं. नीलाला स्वतःची खोली मिळाली होती, गुलाबी पडदा मिळाला होता, तरी ती भिंतीकडं तोंड करून पडायची. रोज संध्याकाळी बापाचा मोबाइल घेऊन ती गच्चीच्या जिन्यात जाऊन बसायची. एकदा अश्लेषा वाळलेले कपडे काढायला म्हणून वर गेली आणि जिन्याच्या वळणावर थांबली.

"इथं ना मोठ्याई, सगळं गुळगुळीत हाय. पाल पण घसरती." नीला हसली, मग तिचा आवाज खाली आला. "तुझ्या खोलीत आईनं पोती ठेवलीत. म्या मोजली, अकरा हायत. ती काढली की तू येणार का?"

अश्लेषा कपडे न काढताच खाली आली आणि ओट्याशी पाटावर उभी राहून उगीचच भांडी आपटत राहिली. तिला वाटलं होतं, जाऊ डोळ्यांसमोरून गेली की जळणं थांबेल. झालं उलटंच. घरात असलेल्या माणसाच्या चुका तरी दिसतात. दूर गेलेल्या इरम्माची आता फक्त आठवण होती, आणि आठवणीतली भाकरी कधी करपत नाही. जाऊ पाव तासाच्या अंतरावर एकटी बसली होती आणि इथं प्रत्येक घासाला, प्रत्येक झोपेला हजर होती. अश्लेषाला तिचा राग आला, नवऱ्याचा आला, पोटच्या पोरीचाही आला. फक्त स्वतःचा आला नाही. कंपाउंडच्या भिंतीला पाणी मारायचं मात्र सगळे विसरले.

घरभरणीचा दिवस उजाडला. दारात मांडव पडला. मागं चुलीवर हुग्गी, गव्हाची गुळातली खीर, शिजत होती. आणि अणदूरहून सकाळच्या जीपनं दोन टोपल्या आल्या: दोनशे कडक भाकऱ्या आणि डबाभर शेंगाचटणी. इरम्मानं तीन दिवस बसून केल्या होत्या. तिच्या हातचं चालत होतं, तिचे पाय चालत नव्हते. पाहुण्यांत एकालाही यात काही चमत्कारिक वाटलं नाही. भाकऱ्यांचं कौतुक मात्र सगळ्यांनी केलं.

पूजा सांगायला आलेल्या स्वामींना सिद्धम्माआत्यानं मोठ्या अभिमानानं रीतीचं सांगितलं. स्वामींनी कपाळावर आठ्या घातल्या. "म्या तर कुठं वाचलं न्हाय," ते म्हणाले. सिद्धम्माआत्याची भुवई वर गेली. स्वामींनी उपरणं सारखं केलं. "पण घरची रीत असंल तर पाळावी." आणि ते पूजेला लागले.

पूजा झाल्यावर गवंड्याचा मान. पंचाक्षरीनं आयुब मिस्त्रींना फेटा बांधला, नारळ दिला. मिस्त्री साठीचे, हाडकुळे, कमी बोलणारे. त्यांनी नारळ हातात धरून इकडंतिकडं पाहिलं.

"माझा मान झाला, शुक्रिया. पण पंचाक्षरीभाऊ, म्या भिताड उभं केलं अन् मजबूत केलं भाभींनी. त्या कुठं दिसंनात?"

"त्या अणदूरला हायत," पंचाक्षरी म्हणाला. "जरा रीत हाय आमच्यात."

मिस्त्रींची नजर कंपाउंडच्या भिंतीवर गेली. वरपासून खालपर्यंत तिला बारीक भेगा पडल्या होत्या. "तरीच," ते म्हणाले, आणि खुर्चीवर जाऊन बसले. अश्लेषाचा चेहरा उतरला. पण पाहुणे येत होते, हसून बोलावं लागत होतं. शिवाय दहाच्या एसटीनं लोहाऱ्याहून आई यायची होती. आईला घर दाखवायचं, प्रत्येक खोली दाखवायची, हे तिनं कितीदा मनात रंगवलं होतं.

"आई," नीला पळत आली, "लोहाऱ्याची आजी भाईर बसली. आत येत न्हाई म्हणती."

समोरच्या मोकळ्या प्लॉटवर बांधकामातल्या उरलेल्या विटांची रास होती. त्या विटांवर, भर उन्हात, वनमालाबाई बसल्या होत्या. मांडीवर लेकीसाठी आणलेला तांब्याचा हंडा. एसटीत उभ्यानं आल्या असाव्यात, कारण चप्पल काढून पाय चोळत होत्या.

"आई! इथं काय बसलीस? चल आत."

"न्हाय गं अशू. त्या आत्याबाईंनी दारातच सांगितलं रीतीचं. बरं झालं सांगितलं, म्या तर सरळ आत शिरत होते." वनमालाबाई हसल्या. "एवढा हंडा ने. घर लई झकास झालंय. इथून समदं दिसायलंय की."

"अगं, तुला नाही ते!"

"मग कुणाला?"

अश्लेषाची नजर आईच्या कपाळावर गेली. चार वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा ती आठ दिवस लोहाऱ्याला राहून आली होती. आईचं मोकळं कपाळ तिनं शंभरदा पाहिलं होतं. तरीसुद्धा तिच्या मनात आई म्हणजे आई होती, आणि विधवा म्हणजे इरम्मा. रीत करताना तिला एकच बाई दिसत होती. पण रीतीला माणसं ओळखू येत नाहीत.

मागून सिद्धम्माआत्या आली, तिच्या मागं चार बायका. "म्या काय हाताला धरून न्हाय अडवलं हं," ती म्हणाली. "निस्तं सांगितलं. रीत समद्यांना एकच."

अश्लेषाचं डोकं भराभर चालायला लागलं. "आत्या, जन्म दिलेल्या आईला चालतं. त्या बाईंनी ते पण सांगितलं होतं. मीच सांगायची विसरले."

"व्हय, व्हय!" सिद्धम्माआत्यानं लगेच मान डोलावली. "आईला चालतंय. आमच्या आजीच्या टायमाला बी आईला चालायचं. या वनमालाबाई, चला."

इतकं सोपं होतं. चुटकीसरशी रीतीला नवं कलम जोडलं गेलं आणि एका माणसानंही भुवई उंचावली नाही. अश्लेषानं सुटकेचा निःश्वास टाकून आईचा हात धरला. आई उठली नाही. ती लेकीच्या तोंडाकडं बघत राहिली.

"कोण बाई ही, अशू? नाव काय तिचं?"

"कोण?"

"जिनं तुला रीत सांगितली ती."

अश्लेषाला एक नाव सुचेना. शाळेत नऊ शिक्षिका होत्या.

"शेजारच्या पोरीला नवा फ्रॉक आला की तुझं तोंड जसं व्हायचं, तसं आत्ता व्हायलंय," वनमालाबाई हळू म्हणाल्या. "तुझी जाऊ कुठंय?"

"अणदूरला."

"आत भाकऱ्या अन् शेंगाचटणी वाढायल्यात, ती तिच्याच हातची ना? वास आला मला." वनमालाबाईंनी लेकीच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि पुन्हा हंड्यावर ठेवला. "मग ऐक. ती आत आली की म्या येते. तवर म्या इथंच बरी. आईला एक रीत अन् जावंला एक, असल्या घरात मला पाय ठेवायचा न्हाय."

"आई, लोक बघायलेत!"

"बघू दे की. तुझ्या जावंला मागं ठेवलं तवा बी लोकांनी बघितलंच असंल."

मांडवातली माणसं खरंच उठून बाहेर आली होती. पंचाक्षरी, आयुब मिस्त्री, शाळेतल्या शिक्षिका. नीला आजीच्या शेजारी विटांवर जाऊन बसली. अश्लेषानं एकदा घराकडं पाहिलं. ज्यासाठी तिनं इतकं केलं ते घर समोर उभं होतं, आणि तिची आई आणि तिची लेक दोघी त्याच्या बाहेर होत्या.

"कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून तिनं पुन्हा मोठ्यानं म्हटलं. "ही रीत कुणी सांगितलेली नाही. मी केली. माझ्या मनानं. मला अक्कांचा, माझ्या जावेचा, हेवा वाटतो. पहिल्यापासून वाटतो. त्या घरात नकोत म्हणून मी हे सांगितलं."

सिद्धम्माआत्या पुटपुटली, "पण आमच्या आजीच्या टायमाला..." आणि पदर सारखा करत मागं सरकली. पंचाक्षरीनं खिशातून स्कूटीची किल्ली काढली आणि बायकोपुढं धरली. त्याच्या चेहऱ्यावर राग होता की लाज, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पेटी खाली उतरली तेव्हा दोरी आवळत उभा राहिलेला तोच होता.

अणदूरच्या घरात इरम्मा रिकाम्या चुलीपाशी बसून तवा घासत होती. कोनाड्यात दिवा तेवत होता. अश्लेषानं उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, एकही शब्द न झाकता. इरम्माचा हात थांबला.

"रीत हाय म्हणून म्या गप बसले," ती म्हणाली. "रीतीपुढं कुणाचं काय चालतंय, असं मनाला समजावलं वीस दिस. अन् ती तू केली व्हतीस?"

"नीला पहिल्यांदा आई म्हणाली ती तुम्हाला, अक्का."

"म्हाईत हाय मला. तुझं तोंड बघितलं व्हतं म्या त्या दिशी." इरम्मानं तवा बाजूला ठेवला. "दुसऱ्या दिशीपासून तुझ्याकडं बोट दाखवून 'आई' म्हणायला तिला म्याच शिकवलं. अन् मला मोठ्याई. महिना लागला पोरीला. तुला कुणी सांगितलं न्हाय, म्या बी न्हाय सांगितलं."

अश्लेषा उंबऱ्यावरच बसली.

"त्यांच्या माघारी डोरलं काढलं, बांगड्या काढल्या," इरम्मा म्हणाली. "माझे हात तूच धरलं व्हतंस तवा. पर हे न्हाय काढलं कुणी." तिनं लहानपणी दीक्षेत गळ्यात बांधलेल्या इष्टलिंगावर हात ठेवला. "नवरा गेला म्हणून देव न्हाय सोडून गेला मला. मग दार कोण लावायलंय माझ्या तोंडावर? माणसंच की."

ती उठली, दिव्यात तेल घातलं, पेटीची कडी लावली.

"येते म्या. तुझ्यासाठी न्हाय. उन्हात बसलेल्या त्या माउलीसाठी येते. पर पेटी घेऊन येते. खोलीतली पोती आजच्या आज काढायची. अन् हितनं फुडं मला मागं सरक म्हणायचं न्हाय. हळदीकुंकवाला बी न्हाय."

"नाही म्हणणार."

"तुझं मन साफ व्हायला टाइम लागंल. माझं बी लागंल," इरम्मा म्हणाली आणि पेटी उचलून स्कूटीवर पुढं पायांच्या जागेत ठेवली.

स्कूटी नव्या घराच्या दारात थांबली तशा वनमालाबाई विटांवरून उठल्या आणि दोघी विधवा एकमेकींचा हात धरून त्या घरात गेल्या. नीला पुढं. आयुब मिस्त्रींनी डोक्यावरचा फेटा नीट केला. काही पाहुणे न जेवता निघून गेले होते, सिद्धम्माआत्याही गेली होती. त्याला इलाज नव्हता. दुपारी पंचाक्षरीनं अकरा पोती एकट्यानं बाहेर काढली. दुसऱ्या दिवसापासून भेगाळलेल्या भिंतीला पाणी अश्लेषा मारू लागली. हेवा काही एका दिवसात गेला नाही. नीला मोठ्याईच्या खोलीत झोपायला गेली की तिच्या मनात अजून कळ यायची. पण आता ती कळ स्वतःची आहे, हे तिला माहीत होतं.

गोष्ट इथं संपली असती तर किती बरं झालं असतं. पण जून महिन्यात पलीकडच्या तिसऱ्या प्लॉटवर घरभरणी होती. अश्लेषा आणि इरम्मा दोघींना आमंत्रण होतं. त्या गेल्या, तर दारात, विटांच्या राशीवर, तिशीची एक बाई मांडीवर पोर घेऊन बसलेली. घरमालकाची बहीण. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला होता.

"या आत का नाहीत?" अश्लेषानं घरमालकिणीला विचारलं.

"सव्वा महिना चालत न्हाय ना, बाई. तुमच्याच घरभरणीला तर कळलं आमाला."

"अहो, ती रीत खोटी आहे. मीच केली होती. तिथंच सगळ्यांसमोर सांगितलं की!"

घरमालकीण समजूतदारपणे हसली. "तुमी शिकलेल्या. तुमाला नसंल पाळायची. पण रीत म्हटल्यावर आमाला मोडवत न्हाय बाई. उगं जीवाला घोर कशाला?"

अश्लेषा दारात उभी राहिली. हातातलं ओटीचं ताट तिला जड झालं. बोलून उपयोग नव्हता. जी गोष्ट करायला तिला एक चहा पुरला होता, ती पुसायला किती वर्षं लागतील ते सांगता येत नव्हतं. तिनं मागं वळून पाहिलं. इरम्मा आत आलीच नव्हती. ती त्या तरुण बाईशेजारी विटांवर बसली होती आणि तिच्या पोराला खेळवत होती.

अश्लेषानं ताट उंबऱ्यावर ठेवलं, बाहेर आली आणि दोघींच्या शेजारी बसली.

"अहो बाई, आत पाट मांडलेत, या की!" आतून हाक आली.

"आमची तिघींची ताटं इथं आणा," अश्लेषा म्हणाली. "नाहीतर तिघींचे पाट आत मांडा."

आत पंगत बसली होती. सगळ्यांना दारातून त्या तीन बायका दिसत होत्या, आणि वाढून झालं तरी बराच वेळ कुणाचा हात ताटाकडं गेला नाही.